दोन हजार दिलेत, आता ते उसने करा

प्रश्न असा आला आहे: "आमच्या सोसायटीसमोर एका दुकानाच्या शटरपाशी साठीचे एक गृहस्थ झोपतात. गेले आठ महिने रोज सकाळी आम्ही टपरीवर एकत्र चहा पितो, पैसे मीच देतो. ते माझे मित्र झालेत असं मी समजत होतो. थंडीत ब्लँकेट दिलं, ते त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकलं. महिन्यापूर्वी आजारी दिसले म्हणून दोन हजार रुपये दिले, तेव्हापासून मला टाळतात. निवारा केंद्रात सोय करतो म्हटलं तर नको म्हणतात. पाऊस तोंडावर आलाय. माझं काय चुकलं आणि आता काय करू?"

चुकलं म्हणाल तर आकडा चुकला. वीस रुपये दिले असते तर त्यांनी ते परत केले असते, किंवा परत करायचे आहेत या निमित्ताने तुमच्याशी बोलत राहिले असते. दोन हजार त्यांच्याच्याने फिटणारे नाहीत. समोरून सावकार येताना दिसला की देणेकरी गल्ली बदलतो, तसे ते तुम्हाला पाहून बदलतात. तुम्ही सावकार नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना कसं कळणार? आणि एक व्यवहाराची बाजू. फुटपाथवर दोन हजार रोख अंगावर बाळगणं म्हणजे रात्रभर जागणं. झोपेत ब्लेडने खिसा कापतात, कधी खिशाबरोबर मांडीही. तुमचे पैसे दुसऱ्याच रात्री गेले असण्याची शक्यता मी बरीच धरते. गेले असतील तर ते तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार?

मी सत्तावीस वर्षं मुंबईत या कामात आहे. आधी एका सरकारी रुग्णालयात समाजसेविका होते, पुढे रात्र निवाऱ्याचं काम पाहिलं. आता निवृत्त आहे, पण रात्री दादर-परळ भागात फेरी असतेच. तुमच्यासारखा प्रश्न मला बऱ्याच सज्जन माणसांनी विचारलाय. तुमच्यासारखीच चूक मी स्वतः केली, आणि माझी तुमच्यापेक्षा महाग पडली. तीच आधी सांगते.

रुग्णालयात बेघर माणूस आला की केस पेपरवर पत्त्याच्या रकान्यात 'फिरस्ता' लिहायची पद्धत होती. पायाला जखम झालेला एक माणूस माझ्या टेबलापुढे बसला होता. मी लिहायला घेतलं तसा म्हणाला, "ताई, फिरस्ता नका लिहू. मी फिरत नाही, कित्येक वर्षं एकाच जागी झोपतो. आणि पत्ता काय विचारताय, धंदा विचारा. पेंटर." तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत त्याचं काम गेलं, मग चाळीतली भाड्याची जागा गेली. बायको आधीच गेली होती, ती कशी हे त्याने मला आठ वर्षांनी सांगितलं. मीही विचारलं नव्हतं. फुटपाथवर राहून तो मासळीवाल्यांच्या टोपल्यांवर नावं घालायचा, गणपतीत मंडळांचे फलक रंगवायचा. सकाळी एका दुकानदाराचं शटर उघडायच्या आधी पुढची जागा झाडून पाणी मारायचा. त्याचे चहा आणि वीस रुपये, आणि रात्री शटरपाशी झोपायची मुभा. दुकानदाराला फुकटचा वॉचमन मिळालेला.

आमची ओळख वाढली ती पन्नास रुपयांवरून. त्याला सहा नंबरचा ब्रश घ्यायचा होता, त्याने उसने मागितले. चार हप्त्यांत चाळीस आणून दिले. मी म्हटलं, राहू दे हो दहा. तर म्हणाला, "नाही ताई, दहा बाकी असू द्यात. थोडं देणं राहिलं की येणं-जाणं राहतं." आमच्या आजीचं अगदी हेच होतं. शेजारून साखरेची वाटी आली तर ती रिकामी परत जायची नाही, आणि दोन घरांचा हिशेब कधी पुरता मिटायचा नाही. फुटपाथवरच्या माणसाला आपण दान देतो, जुने कपडे देतो, लग्नातलं उरलेलं जेवण देतो. उसनं मात्र कोणी देत नाही, कारण हा परत करील असं कोणाला वाटत नाही. हे न बोलता कळतं त्यांना.

आता माझी चूक. जुलै महिना, तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. पेंटर भिजून फणफणला होता. मी ठरवलं की पुरे झालं. एका निवाऱ्यात ओळखीने जागा काढली, टॅक्सी केली, त्याचं "बघू ताई, दोन दिवसांनी" ऐकूनच घेतलं नाही. तिथे त्याला आंघोळ घातली, केस कापले, कोरडे कपडे दिले. मी त्या रात्री घरी येऊन शांत झोपले. त्याचं गोणपाटाचं बोचकं घाण म्हणून तिथल्या कोणीतरी फेकून दिलं. त्यात त्याचे ब्रश होते, फडक्यात गुंडाळलेले, एकूण नऊ. तिसऱ्या रात्री तो तिथून निघाला. आपल्या जागेवर आला तर शटरपाशी दुसरा माणूस झोपलेला. दुकानदार म्हणाला, तू गेलास म्हणून याला ठेवला. झाडलोट गेली, वीस रुपये गेले, जागा गेली, ब्रश गेले. दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही. बरोबरच होतं त्याचं.

तुमच्या मित्राचं 'नको' या अंगाने ऐका. फुटपाथवरच्या जागेला भाडेपावती नसते, पण हक्क असतो, आणि तो रोज रात्री तिथे अंग टाकूनच टिकतो. निवारा कामापासून लांब असेल, रात्री ठरलेल्या वेळेला दार बंद होत असेल, तर केटरर्सकडे वाढप्याचं काम करून एक वाजता सुटणारा माणूस तिथे झोपणार कसा? नवरा-बायको असतील तर एकीकडे तो, दुसरीकडे ती. सामान ठेवायला कपाट नाही. शिवाय निवारे आहेत किती? सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये घालून दिलेलं प्रमाण शहराच्या दर एक लाख वस्तीमागे शंभर माणसांचा एक, चोवीस तास उघडा निवारा असं आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. तेवढे कधीच झाले नाहीत, आणि जे झाले त्यातलेही बरेच मुलांसाठी.

त्याच जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. देशात १७ लाख ७३ हजार, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर, मुंबईत ५७ हजारांवर. एका रात्रीत पुलाखाली, हातगाडीवर, फलाटाच्या टोकाला झोपलेली सगळी माणसं सापडली असतील यावर रात्री फिरणारा कोणी विश्वास ठेवणार नाही. पेंटरला आमच्या भागात कोण कुठे झोपतो ते तोंडपाठ होतं. त्याला कोणी विचारलं नाही.

सरकारी माणसाला घेऊन त्यांच्याकडे जाऊ नका. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे. त्यात भीक मागण्याची व्याख्या इतकी पसरट आहे की उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना, भिकेवर जगत असेल असं वाटण्याजोग्या अवस्थेत सार्वजनिक जागी नुसतं असणंही तिच्यात बसतं. पहिल्यांदाच पकडून न्यायालयाने भिकारी ठरवलं तरी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात जावं लागू शकतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातली भीक मागणं हा गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली, आपल्याकडे तसं झालेलं नाही. त्यामुळे तुम्ही 'निवारा' म्हणता तेव्हा त्यांना गाडी आठवते. म्युन्सिपाल्टीची गाडी आली की आधी बोचकी उचलते, आणि बोचक्यात आधार कार्ड असतं. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या उठवायचा हुकूम निघाला तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही झोपडीवासी न्यायालयात गेले. १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की माणूस फुटपाथवर राहतो तो पोट तिथे भरतं म्हणून, आणि उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. झोपड्या हटवायला परवानगी दिली, पण त्या वर्षीचा पावसाळा उलटेपर्यंत नाही, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा म्हणून. हे मी तुम्हाला कायदा शिकवायला सांगत नाही. तुमचे मित्र जे 'नको' एका शब्दात म्हणतात, त्यातली 'पोट इथे आहे' ही बाजू देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही पटली होती, एवढंच लक्षात ठेवा.

ब्लँकेटचं मनाला लावून घेऊ नका. नवं कोरं ब्लँकेट घेऊन झोपणारा चोराच्या नजरेत भरतो. आणि कदाचित त्यांनी ते जिला दिलं तिने त्यांना तापात पेज करून दिली असेल. तुम्ही जी उसनवारी त्यांच्याशी केली नाही ती ते तिथल्या माणसांशी रोज करत असतात.

मग आता काय करायचं? आधी दोन हजारांचा विषय मोकळा करा. भेटले की सरळ म्हणा, "ते पैसे उसने दिले होते, घाई नाही, जमेल तसे द्या. महिन्याला दहा रुपये दिलेत तरी चालेल." 'विसरा ते पैसे' असं मात्र चुकूनही म्हणू नका. तसं म्हटलंत की ते दान झालं, आणि तुमच्या मैत्रीला कायमचा पूर्णविराम. दहा रुपये आणून दिले तर घ्या. मोजून घ्या. बाकी किती राहिले ते बोलून दाखवा. अवघड वाटेल. मला पहिल्यांदा फार वाटलं होतं.

मग त्यांच्याकडे काहीतरी मागा, खरोखर लागणारं. पार्सल येणार असेल आणि तुम्ही घरी नसाल तर घेऊन ठेवायला सांगा. त्यांना काय येतं ते शोधा. माझ्या घराच्या दारावरची पाटी पेंटरने केलीय. मी बाजारभाव विचारला, त्याने तिप्पट सांगितला, आम्ही घासाघीस केली. दोन महिन्यांच्या अबोल्यानंतर आम्ही बोललो ते या घासाघिशीत. गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू मारायचे, मग भाकर मागायचे. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या त्या माणसाने, आणि फुकटचं खायचं नाही हा हट्ट जन्मभर धरला. आपण त्यांचे फोटो लावतो आणि बेघर माणसाने मात्र मुकाट्याने हात पुढे करावा अशी अपेक्षा धरतो.

बोलण्याबद्दल. तुम्ही त्यांना 'गृहस्थ' म्हटलंत, 'पितात, टाळतात' असं लिहिलंत, हे मला फार आवडलं. फुटपाथवर आल्या दिवसापासून माणसाला दुनिया अरे-तुरे करते. वॉचमन, हवालदार, वॉर्डबॉय, शाळेतलं पोरसुद्धा. पेंटरच्या तोंडावर मी नेहमी अहो-जाहो केलं. तो-तो करून आता लिहितेय ते आमचं नातं तिथवर गेलं होतं म्हणून, नाहीतर तो अधिकार मला नव्हता. आणि उभ्याने बोलू नका. ते पथारीवर बसलेले असतील तर तुम्ही पायरीवर बसा, पण पथारीवर विचारल्याशिवाय नाही. एकदा मी बोलताबोलता पेंटरच्या ताडपत्रीवर चपलेसकट पाय ठेवला. तो काही बोलला नाही, नुसतं चपलेकडे पाहिलं. ताडपत्रीच्या कडेला त्याच्या स्वतःच्या स्लिपर जोडीने काढून ठेवलेल्या होत्या, टाचा भिंतीकडे. मी उंबरठा ओलांडून घरात चप्पल घालून शिरले होते.

फोटो काढू नका. घर का सोडलं ते विचारू नका, सांगायचं तेव्हा सांगतील.

ते तुमच्याशी खोटंही बोलतील. औषधाला म्हणून घेतील आणि दारू पितील. पेंटर प्यायचा, आणि प्यायला की माझ्याशी भांडायचा. तेव्हा मी दुसऱ्या दिवशी त्याला सुनावलं, जसं घरातल्याला सुनावते तसं. माझ्या सख्ख्या मेहुण्याने घेतलेले तीस हजार अजून यायचेत, त्याला कोणी 'सुधारगृहात घाला' म्हणत नाही. मात्र माणूस स्वतःशी बडबडतोय, खात नाही, ओळख विसरतोय असं दिसलं तर ते मैत्रीने निभणारं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भटकणाऱ्या मनोरुग्णाला ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणं हे पोलिसांचं कामच आहे, आणि त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. डॉ. भरत वाटवानींची कर्जतची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवते, २०१८ चं मॅगसेसे त्यांना याच कामासाठी मिळालं. तुमच्या पत्रावरून तुमच्या मित्राला त्याची गरज दिसत नाही.

पावसासाठी कागदपत्रांपासून सुरुवात करा. आधार, रेशन कार्ड, जे असेल ते, विचारून झेरॉक्स काढा, लॅमिनेट करून त्यांना द्या. मूळ प्रत कुठे ठेवायची हे ते ठरवतील. बरेच जण टपरीवाल्याकडे ठेवतात, तुमच्याकडे ठेवली तर तो मान समजा. आधार नसेल तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकाचा फोटोसह दाखला पत्त्यासाठी चालतो, म्हणजे निवाऱ्यात झोपायला गेले नाहीत तरी तिथे ओळख असलेली बरी. मतदार यादीत नाव हवं असेल तर फॉर्म ६ भरा. राहत्या जागेचा कागद नसला तरी अडत नाही, बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारा त्या भागातला निवडणूक अधिकारी, रात्री येऊन माणूस सांगितलेल्या जागी झोपतो का ते पाहतो, एकाहून जास्त रात्री. पेंटरचं नाव असंच लागलं. पत्ता म्हणून दुकानाच्या नावापुढे 'समोरील फुटपाथ'. मतदानाच्या दिवशी तो दाढी करून, भांगात पाणी लावून सात वाजता रांगेत होता.

आणि दवाखाना. ते आजारी दिसले तेव्हा तुम्ही पैसे दिलेत. पुढच्या वेळी पैसे नका देऊ, सोबत जा. सरकारी रुग्णालयात औषधाचे पैसे फारसे लागत नाहीत, लागतो तो माणूस. केस पेपर काढायला, एक्स-रेच्या रांगेत उभं राहायला, रक्ताची बाटली लॅबला पोहोचवायला. वॉर्डच्या दारात येऊन सिस्टर ओरडते, "बारा नंबरचे नातेवाईक कोण?" बारा नंबरचं कोणी नसेल तर बारा नंबर मागे पडत जातो. मी त्या टेबलामागे बसून हे शेकडो वेळा पाहिलंय आणि दर वेळी काही करू शकले असं नाही.

माझी आई शेवटच्या आजारात त्याच रुग्णालयात होती. मला ओळखणारे सगळे डॉक्टर दिवसा असायचे. रात्री अडीचला रक्त हवं म्हणून सिस्टर बाहेर आली आणि तिने नातेवाईक कोण म्हणून विचारलं. मी खाली फोनवर भावाशी बोलत होते. व्हरांड्यातून पेंटर उठला. मी त्याला बोलावलं नव्हतं. तीन रात्री तो तिथे लादीवर झोपत होता, हे मला त्या रात्री कळलं. रक्तपेढीतल्या माणसाला तो नावाने ओळखत होता, गेटवरच्या हवालदाराला ओळखत होता, लिफ्ट कुठली चालू आहे ते त्याला ठाऊक होतं. मी वर आले तेव्हा बाटली आलेली होती आणि फॉर्मवर नात्याच्या रकान्यात सिस्टरने 'भाऊ' लिहिलं होतं. मी ते खोडलं नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, रस्ते रिकामे झाले. बऱ्याच जणांना पालिकेच्या शाळांमध्ये हलवलं. मला पास मिळून मी त्या भागात पोहोचले तोवर शटरपाशी कोणी नव्हतं. त्यानंतर पेंटर मला दिसलेला नाही. त्याची दहा रुपयांची बाकी माझ्याकडे तशीच आहे, आणि पुढे त्याने नवे घेतलेले ब्रशही. पावसाळ्यात भिजतात म्हणून तो ते माझ्याकडे ठेवायचा. त्या वर्षी दिवाळीनंतर न्यायचे राहून गेले होते.

तुमच्या मित्रांकडे परत येते. उद्या टपरीवर जा. ते नसतील तर परवा जा, त्याच वेळेला. आले की पावसाचं, निवाऱ्याचं, औषधाचं काहीही काढू नका, चहा सांगा. चहावाल्याने पैसे मागितले की खिशात हात घालायची घाई करू नका. दोन कटिंगचे वीस रुपये म्हणजे पेंटरची एका सकाळची झाडलोट, हे मनात येईलच, येऊ द्या. थोडा वेळ गप्प बसा. त्यांचा हात खिशाकडे गेला तर त्यांना पैसे देऊ द्या.